जेनू कुरुब आणि वनसंपत्ती

म्हैसूर शहराच्या पश्चिमेस, कावेरी नदीच्या पूर्वेकडील बाजूस, बैलकुप्पे हे गाव आहे. तिबेटी निर्वासितांची वसाहत म्हणून ते आज प्रसिद्ध असले, तरी १९६० नंतर या वसाहतीसाठी सुमारे ३,००० एकर भूमी देण्यात आली तेव्हा तेथे बव्हंशी अरण्यच होते. या परिसरातील वनांत, विशेषतः दक्षिणेकडील नागरहोळेच्या अरण्यात, जेनू कुरुब ही आदिवासी जमात पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहे. कन्नड भाषेत 'जेनू' म्हणजे मध. मध गोळा करणारे ते जेनू कुरुब होत.

आग्या माश्यांचे पोळे उंच वृक्षाच्या फांदीखाली लोंबते. मध काढणारे बहुधा रात्रीच्या अंधारात झाडावर चढतात व ओल्या-सुक्या पाल्याचा धूर करतात. माश्या परस्परांस धोक्याची सूचना विशिष्ट गंधाने देतात. धुरामुळे तो गंध झाकला जातो आणि त्यांचा हल्ला सौम्य होतो. पोळ्यात मध वरच्या जाड भागात साठविलेला असतो, तर अंडी व अळ्या खालच्या भागात असतात. मधाचा भागच कापून घेतला, तर माश्यांची पुढील पिढी वाचते. पोळे समूळ तोडणाऱ्यास मध एकदाच मिळतो.

बांबूच्या उपयोगातही हेच तत्त्व आहे. झोपडीच्या भिंती, टोपल्या व नित्याची अनेक साधने बांबूपासून होतात. बेटातील पक्व बांबू तोडून कोवळे राखले, तर जमिनीखालील खोडापासून पुन्हा कोंब फुटतात. रानटी कंद काठीने खणून काढतात. त्यांतील काही कडू असल्याने ते शिजवून किंवा पाण्यात ठेवून खाण्यायोग्य करावे लागतात. अमेरिकेतील उत्तर कॅलिफोर्नियाचे विंटू लोक ओक वृक्षाच्या फळांचे पीठ पाण्याने वारंवार धुऊन त्याचा कडवटपणा घालवीत असत. परस्परांस सर्वथा अपरिचित अशा दोन समाजांनी एकाच युक्तीचा आश्रय घ्यावा, हे लक्षणीय होय.

हे ज्ञान ग्रंथांत नाही. ते वनात वावरताना मुलांना मिळते. नागरहोळे १९५५ साली अभयारण्य झाले व पुढे राष्ट्रीय उद्यान बनले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये अशा उद्यानांतून वनोपज नेण्यावर कडक निर्बंध आले. अनेक कुटुंबांना वनाबाहेर राहावे लागले. २००६ च्या वनाधिकार कायद्याने मध, बांबू इत्यादी गौण वनोपजांवरील वनवासी समाजांचा हक्क मान्य केला आहे. परंतु हक्क कागदावर उतरण्याने ज्ञान टिकत नाही. ज्या मुलाने आग्या मोहोळ कधी पाहिलेच नाही, त्याला त्यातील किती घ्यावे आणि किती राखावे, हे कोण शिकविणार? वनाचे रक्षण करावयाचे, तर वनाचे हे मोजमाप जाणणाऱ्यांना त्यापासून तोडून चालणार नाही.