पद्मिनीच्या ऑइलमध्ये उतरणारं पेट्रोल

‘इतकी गाडी फिरवली, पण ऑइल थेंबभरही कमी झालं नाही,’ असं जुन्या प्रीमिअर पद्मिनीचे मालक अभिमानानं सांगतात. पण वापरून झिजलेलं इंजिन थोडं ऑइल जाळतंच. तरीही पातळी तेवढीच राहत असेल, तर ती भरून कोण काढतंय हे पाहायला हवं. पातळी वाढली असेल, तर तपास टाळूच नये.

कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून बनलेली ही फियाट पुढे पद्मिनी झाली. ऑक्टोबर २०२३ अखेर ती मुंबईच्या टॅक्सीतळांवरून गेली. आता जपणूक मालकांच्याच हाती आहे. तिच्या १०८९ सीसी इंजिनाच्या अंगालाच पेट्रोलपंप बसवलेला असतो. त्यातल्या डायफ्रामच्या एका बाजूला पेट्रोल, तर दुसऱ्या बाजूला थेट इंजिनाचं पोट. डायफ्राम फाटला की पेट्रोल सरळ ऑइलमध्ये उतरतं. कार्ब्युरेटरचा फ्लोट भोक पडून बुडाला, निडल नीट बसली नाही किंवा चोक अडकला, तर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल धुऊन रिंगांमधून खाली झिरपतं. त्यात आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि त्या काळचं रबर त्यासाठी बनवलेलंच नव्हतं.

तपास घरूनच सुरू होतो. थंड इंजिनाची डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइल बोटांत चोळून पाहा. पातळ लागलं तर संशय बळावतो. दुधाळ दिसलं, तर दोष पाण्याचा. टिपकागदावर एक थेंब टाकून दिवसभर ठेवा. काळ्या डागाभोवती फिकट कडं पसरलं, तर पेट्रोलची शक्यता आहे. ऑइल पेटवून पाहण्याचा प्रकार मात्र कधीच करू नका.

पक्कं उत्तर प्रयोगशाळा देते. २०डब्ल्यू-४० ऑइलची घनता नव्हे, स्निग्धता पाहतात : १०० अंश सेल्सिअसला ती किमान १२.५ सेंटिस्टोक हवी. गॅस क्रोमॅटोग्राफीतून पेट्रोलचं प्रमाणही कळतं.

मग उगम शोधायचा. चारही प्लग काजळलेले असतील, तर कार्ब्युरेटर पाहा. एकच ओला असेल, तर त्या सिलिंडरची ठिणगी. फ्लोट गरम पाण्यात बुडवा. बुडबुडे आले तर भोक आहे. प्लग स्वच्छ असूनही पातळी वाढत असेल, तर पंप उतरवून डायफ्राम तपासा.

पातळ ऑइलचा थर टिकत नाही. क्रँकची बेअरिंग आणि कॅमशाफ्ट घासली जातात. गरम इंजिन मंद चालताना ऑइलचा दिवा लुकलुकला, तर गाडी बंद करा. नुसतं ऑइल बदलून भागत नाही, कारण नवं ऑइलही तसंच पातळ होतं. आधी गळती बंद करा, मग ऑइल आणि फिल्टर बदला. पद्मिनी जपणाऱ्या प्रत्येकानं डिपस्टिकवरची पातळी दर आठवड्याला वहीत टिपावी, आणि ती वाढली तर त्याच दिवशी मेकॅनिक गाठावा.