पंचगंगेचा घाट आणि थायलंडची खोंगखा माय



त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगेच्या घाटावर आपल्यापैकी बहुतेकजण एकदा तरी गेले असतील. थंडी, पायऱ्यांवर ओळीनं मांडलेल्या हजारो पणत्या, पाण्यात हलणारा उजेड. आता कल्पना करा की त्याच पौर्णिमेच्या संध्याकाळी तुम्ही थायलंडमध्ये, चियांग माईला पिंग नदीच्या काठावर उभे आहात. तिथंही दिवे आहेत. केळीच्या खोडाची चकती, तिच्याभोवती केळीच्या पानाच्या घड्या, वर फुलं, मेणबत्ती आणि उदबत्ती. लोक ती कपाळाशी नेतात आणि पाण्यात सोडतात. या सणाचं नाव लॉय क्रथोंग. ज्या देवतेला हे वाहायचं ती फ्रा मे खोंगखा. 'मे' म्हणजे आई आणि 'खोंगखा' म्हणजे आपली गंगा.

कोल्हापूरचा माणूस हे बघितल्यावर पटकन म्हणतो, "हे तर आपलंच की!" आज मला या वाक्याबद्दलच बोलायचं आहे. पाठीवर पिशवी टाकून थायलंड फिरणाऱ्या मराठी माणसाला ते फार उपयोगी पडतं, आणि तेवढंच फसवतंही.

ओळखीचा उपयोग

आधी उपयोग बघू. पॅकेज टूरमध्ये आपण हॉटेल, बस आणि भारतीय जेवण यांच्या बाहेर फारसे पडत नाही. पाठपिशवीवाल्याला मात्र स्थानिक माणसाशी बोलल्याशिवाय गत्यंतर नसतं. गावातून गावात जायला तिथं 'सोंगथेव' मिळते. पिकअप गाडी, मागं समोरासमोर दोन बाकडी. नावाचा अर्थही 'दोन रांगा' असाच आहे. आपल्याकडं वडापमध्ये बसलेल्या माणसाला ती शिकवावी लागत नाही.

भाषेचंही तसंच. 'सवात्दी' या नमस्काराच्या मुळाशी 'स्वस्ति' आहे. नगर तिथं 'नखोन' होतं, भाषा 'फासा', आहार 'आहान', गुरू 'ख्रू', पुण्य 'बुन'. एप्रिलमधलं नववर्ष 'सोंगक्रान' म्हणजे संक्रांत. तिकिटावर २५६८ साल दिसलं तर दचकू नका, तो बौद्ध शक आहे. त्यातून ५४३ वजा केले की आपलं इसवी सन मिळतं.

पण शब्दांपेक्षा जवळची आहे ती बोलण्याची रीत. अनोळखी माणसालाही तिथं नात्यानं हाक मारतात. वयानं थोडा मोठा असेल तर 'फी', म्हणजे दादा किंवा ताई. लहान असेल तर 'नोंग'. खानावळ चालवणारी पोक्त बाई 'पा', म्हणजे मावशीच. आणि भेटल्यावर विचारतात, "किन खाव रु यांग?" भात खाल्ला का? आपल्याकडं "जेवलासा काय?" म्हणतात तसंच. उत्तराशी फारसा संबंध नसतो, विचारपूस महत्त्वाची. एवढी दोन-चार वाक्यं आली की रस्त्यावरच्या गाडीवर आपण गिऱ्हाईक राहत नाही, पाहुणे होतो.

ओळख फसवते ती कुठं?

बँकॉकच्या वाट फ्रा केव मंदिराच्या ओवऱ्यांत रामकथेची १७८ भित्तिचित्रं आहेत. या कथेला तिथं 'रामकियन' म्हणतात. आपल्या तालमीत मारुती असतो, लंगोटाचा पक्का. तिथला हनुमान मात्र रावणाच्या मत्स्यकन्येच्या, सुवन्नमच्छाच्या प्रेमात पडतो आणि त्यांना मच्छानू नावाचा मुलगा होतो. आपल्याकडं मकरध्वजाची कथा आहे, पण तिथं घामाच्या थेंबावर भागवून ब्रह्मचर्य राखलेलं आहे. थाई माणसाला ती गरज वाटली नाही. "यांनी आपलं रामायण बिघडवलं" असं म्हणालात तर तुम्ही काहीच पाहिलं नाही. शेकडो वर्षं त्यांनी ही कथा नाचली, रंगवली, मुखवटे घालून खेळली. ती त्यांची झाली आहे.

दुसरं उदाहरण पोटाचं. शाकाहारी लोक 'मंगसवीरत' हा शब्द पाठ करून जातात. तो 'मांसविरती' वरूनच आला आहे. पण ते म्हटल्यावर अंडं येऊ शकतं, आणि माशांचा सॉस म्हणजे 'नाम प्ला' कशात पडेल सांगता येत नाही. त्यापेक्षा 'जे' हा शब्द लक्षात ठेवा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत तो लिहिलेला असतो. त्यात मांस, अंडं, दूध, शिवाय कांदा-लसूणही नसतो. हा शब्द चिनी परंपरेतून आलेला, आपल्या ओळखीचा नाही. पण काम तोच करतो.

तिसरं, पहाटेची भिक्षा. भिक्खू अनवाणी रांगेनं येतात, लोक पात्रात भात घालतात. आपल्याला वाटतं, माधुकरीच. पण तिथं भिक्खू आभार मानत नाही. देणारा हात जोडतो, कारण पुण्य कमवायची संधी त्याला मिळालेली असते. बाईनं भिक्खूला स्पर्श करायचा नाही. फोटोसाठी रांगेत घुसणं तर दूरच. अशा वेळी बाजूला उभं राहून बघणं हाही पाहुणचाराचा मान राखणंच आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, पाय कुणाकडं किंवा मूर्तीकडं करून बसू नये, लहान मुलाच्याही डोक्याला हात लावू नये. आपण कौतुकानं डोक्यावरून हात फिरवतो, तिथं डोकं फार पवित्र मानतात.

पुन्हा नदीवर

आता त्या पौर्णिमेकडं परत येऊ. आपण घाटावर दिवे लावतो ते त्रिपुरासुराच्या वधाचा आनंद म्हणून. थाई माणूस दिवा सोडतो तेव्हा नदीचे आभार मानतो, आणि आणखी एक गोष्ट करतो, तिची क्षमा मागतो. वर्षभर तुझं पाणी वापरलं, ते घाण केलं, माफ कर.

सण तिथंही निर्दोष नाही. थर्माकोलचे क्रथोंग आले, ते कुजेनात. मग पावाचे आले, तर ते विरघळून पाण्यातला प्राणवायू कमी व्हायला लागला. दुसऱ्या दिवशी बँकॉकचे पालिका कर्मचारी नदीतून लाखो क्रथोंग उपसतात. म्हणजे क्षमा मागतामागताच पुन्हा अपराध होतो. त्यावर तिथं दरवर्षी वाद होतो. घरटी एकच क्रथोंग सोडा, असं सांगितलं जातं.

हे ऐकताना आपल्याला गणपती विसर्जन आठवलं असेल. कोल्हापुरात मूर्तिदान आणि निर्माल्यदान रुजलं, ते याच प्रश्नातून. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकत्र येऊन झालेल्या या नदीत मेलेले मासे तरंगताना आपण पाहिले आहेत. तिची आरती आपण करतो. तिची माफी मागायची पद्धत मात्र आपल्याकडं नाही.

"हे आपलंच" म्हणून मी पुढं गेलो असतो, तर एवढाच एक फरक माझ्या नजरेतून सुटला असता. आणि बरोबर आणण्यासारखं तेवढंच होतं. तेव्हा जरूर जा. ओळखीच्या शब्दांनी बोलायला सुरुवात करा, आणि जिथं ओळख तुटते तिथं जरा जास्त वेळ थांबा. पुढच्या त्रिपुरारीला घाटावर पणती लावताना नदीला काय म्हणायचं, हे ज्याचं त्यानं ठरवावं.