पगारावर लिहिलेला मुक्त कोड कोणाचा?

पुसद किंवा यवतमाळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकून पुण्यातल्या कंपनीत लागलेली मुलगी कामाचा भाग म्हणून एखाद्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती करते. कोड तिने लिहिला, तरी तो तिचा नसतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७नुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीच्या कामात घडलेल्या कृतीची पहिली मालकी नोकरी देणाऱ्याची. आणि संगणक प्रोग्रॅम ही कायद्याने साहित्यकृतीच आहे. फुकटच द्यायचे तर कंपनीचा कागद कशाला, असे कोणी म्हणेल. पण मुक्त परवाना कॉपीराइटवरच उभा असतो, आणि जे आपले नाही त्याचा परवाना आपल्याला देता येत नाही. म्हणूनच जीएनयू इमॅक्ससारखा प्रकल्प मोठ्या योगदानासाठी हक्क लेखी मागतो आणि गरजेनुसार कंपनीचे हक्कत्यागपत्रही घेतो.

हक्क एका संस्थेकडे असले की परवाना मोडणाऱ्याविरुद्ध दावा लढणे सोपे जाते, हे खरे. तरीही हक्क सोपवण्याची सक्ती मला पटत नाही. लिनक्स २००४पासून योगदान देणाऱ्याच्या सहीच्या हमीवर चालते. जीसीसी या कंपायलर प्रकल्पानेही २०२१मध्ये ही सक्ती सोडली. शिवाय आपल्या कायद्याच्या कलम १९नुसार करारात मुदत आणि प्रदेश लिहिला नसेल, तर हस्तांतर पाच वर्षांपुरते व भारतापुरतेच धरले जाते. कंपनीची लेखी परवानगी मात्र हवीच, आणि ती रुजू होतानाच मागावी.