वर्ध्याच्या घरात समुद्र!

वर्ध्याहून मुंबईचा समुद्र रेल्वेने साधारण साडेसातशे किलोमीटर दूर. आपल्याकडे पाणी म्हणजे पवनारची धाम नदी, नाहीतर विहीर! पण काचेच्या पेटीतले नारंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे पाहिले, की "आई, आपल्याकडेही हवं!" असं तोंडून निघतंच. हरकत नाही. आधी वही-पेन्सिल घ्या आणि आईबाबांनाही शेजारी बसवा.

समुद्राच्या एक लीटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. म्हणजे 100 लीटरच्या टाकीला लागले साडेतीन किलो. "मग काय, स्वयंपाकघरातलं मीठ ओतू!" अंहं! समुद्रात नुसतं मीठ नसतं. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियमही असतं. त्यासाठी तयार सागरी क्षार विकत घ्यावे लागतात आणि आरओच्या पाण्यात, वेगळ्या बादलीत विरघळवावे लागतात. शिवाय दर आठवड्याला दहा लीटर पाणी बदलायचं, म्हणजे दर वेळी 350 ग्रॅम. 52 आठवड्यांचे झाले 18 किलो 200 ग्रॅम. पहिले साडेतीन मिळवा : वर्षाला 21 किलो 700 ग्रॅम! टाकीचे पैसे एकदाच जातात, खरा खर्च असा मागाहून येतो. मात्र टाकीतलं पाणी आटलं, तर भर गोड्या पाण्याचीच घाला हं. पाणी उडून जातं, मीठ मागेच राहतं.

आता वीज. प्रवाळाला 24 ते 27 अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं आणि आपला मे महिना तर 45 अंशांच्या घरात! म्हणून पाणी थंड करणारा चिलर आलाच. समजा, तो 150 वॅटचा आहे आणि दिवसाला 12 तास चालला : 1.8 युनिट. पंप 20 वॅटचा, चोवीस तास : 0.48. दिवा 60 वॅटचा, दहा तास : 0.6. बेरीज 2.88, म्हणजे महिन्याला सुमारे 86 युनिट. घरच्या बिलावरचा दर पाहून पुढचा गुणाकार तुम्हीच करा. आणि वीज गेली तर? बॅटरीवरचा हवापंप यादीत लिहून ठेवा.

टाकी भरली म्हणून लगेच मासे सोडायचे नाहीत, बरं का! माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो त्यांना विषारी. काही जीवाणू त्याचं नायट्राइट आणि मग बरंच निरुपद्रवी नायट्रेट करतात. ते जीवाणू वसायला चार ते सहा आठवडे लागतात. इतके दिवस रिकाम्या टाकीकडे बघत बसणं हेच सगळ्यांत अवघड काम!

आणि प्रवाळ? इथे पालकांनी जरा लक्ष द्यावं. 2001 साली खडक बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडेसुद्धा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. वाघाच्याच रांगेत! आपल्या समुद्रातून त्यांचा तुकडा तोडणं, विकणं, विकत घेणं गुन्हा आहे. दुकानदार "काही होत नाही हो" म्हणाला, तरी नाही म्हणा. जिवंत प्रवाळ पाहायचं तर मालवणला, नाहीतर कच्छच्या आखातातल्या पिरोटन बेटाकडे. टाकीत साधे खडक रचा.

मासे मात्र हॅचरीत वाढवलेले मागा. क्लाउनफिशची पैदास तमिळनाडूतल्या मंडपमला, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रात झाली आहे. गंमत म्हणजे हे मासे सगळे नर म्हणूनच वाढतात आणि जोडीतला मोठा पुढे मादी होतो! तेव्हा सुरुवातीला दोनच घ्या.