उंची पेट्रोल आणि मोटारीची चाल

आमच्या कुर्ल्यास मोटारगाडी ही परकी वस्तु नव्हे. शेठ वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानें १९४४ सालीं स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा कारखाना येथेंच होता. १९४७ सालापासून तेथून गाड्या बाहेर पडूं लागल्या, आणि पुढें येथील ‘पद्मिनी’ टॅक्सी होऊन मुंबईभर धांवली. अशा या गांवींही पेट्रोल-पंपावर एक समज सररास आढळतो: ‘प्रीमियम’ पेट्रोल भरलें कीं गाडीस जोर येतो व ती लिटरमागें अधिक अंतर काटते. हें कितपत खरें, तें पाहूं.

इंजिनाच्या सिलिंडरांत दट्ट्या पेट्रोलची वाफ व हवा यांचें मिश्रण दाबतो व प्लगची ठिणगी तें पेटविते. परंतु वायु दाबला असतां तापतो. सायकलींत हवा भरतांना पंप कसा ऊन होतो, हें आमच्या विद्यार्थिबंधूंस ठाऊक आहेच! ताप फार झाला, तर ठिणगीची ज्वाळा पोंचण्यापूर्वींच उरलेलें मिश्रण आपोआप भडकतें, इंजिन खडखडूं लागतें, आणि हें फार काळ चाललें तर दट्ट्यास इजा होते. असें अवेळीं न भडकण्याचा जो गुण, त्याचें माप म्हणजे ऑक्टेन-अंक. इंडियन ऑईलनें २०२० सालीं शंभर अंकाचें पेट्रोल विकावयास काढलें. परंतु अंक चढला म्हणून लिटरमधील उष्णता चढत नाहीं. लोक ज्यास ताकद म्हणतात, तो वस्तुतः धीर आहे.

इथेनॉलचेंच पाहा. त्याचा ऑक्टेन-अंक पेट्रोलाहून बराच वरचा, पण लिटरमागें उष्णता सुमारें एकतृतीयांशानें कमी. म्हणून वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या इंधनाचा अंक वाढतो आणि गाडीचें अंतर मात्र थोडें घटतें.

मग उंची पेट्रोल कोणास हवें? ज्या इंजिनांत दाब मोठा, विशेषतः कांहीं टर्बो गाड्यांस. त्यांस हलकें पेट्रोल दिलें, तर खडखड टाळण्यासाठीं यंत्रणा ठिणगी उशिरां पाडते व जोर खरोखरच घटतो. साध्या दुचाकीस ही गरज नाहीं. लालबहादूर शास्त्री मार्गावर दिवसभर दुचाकी दामटून घरोघर जिन्नस पोंचविणाऱ्या तरुणानें हा जादा खर्च कां सोसावा? त्याच पैशांत चाकांतील हवा व एअर-फिल्टर नीट राखले, तर त्याचा लाभ अधिक. प्रीमियम पेट्रोलांत इंजिन स्वच्छ राखणारीं द्रव्येंही घालतात खरीं. पण तो निराळा गुण, त्याचा ऑक्टेनशीं संबंध नाहीं.

कोणता अंक हवा, हें गाडीच्या पुस्तिकेंत छापलेलें असतें. तरीही ज्यास शंका उरेल त्यानें टांकी पूर्ण भरावी, नेहमींच्या रस्त्यानें दोनशें किलोमीटर जावें, पुन्हां भरून किती लिटर लागलें तें लिहून ठेवावें. दोन्ही पेट्रोलांनीं असें तीन-तीन वेळां करावें. एका खेपेचा आंकडा कुर्ल्याच्या गर्दीत मुळींच विश्वसनीय नसतो.