आधी लेस, मग कात्री
घरगुती भरतकाम : लेखांक ६

गेल्या आठवड्यात टेबल रनरचं कापड धुऊन, इस्त्री करून ठेवायला सांगितलं होतं. कापायला सांगितलं नव्हतं, ते मुद्दामच. रनरच्या दोन्ही टोकांना लावायची लेस हातात आल्याशिवाय कापडाची रुंदी ठरत नाही.

बाजारात ‘जीपीओ लेस’ म्हणून मिळते ती जाड, जाळीदार लेस आठवा. पोस्टाशी तिचा संबंध नाही. ‘गिप्यूर’ या फ्रेंच शब्दाचं आपल्या दुकानांत झालेलं ते रूप. तिला केमिकल लेसही म्हणतात, आणि त्या नावातच तिची कृती आहे. स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोब्लीने १८६३ मध्ये शिफ्ली हे भरतकामाचं यंत्र काढलं. शिफ्ली म्हणजे छोटी होडी. आतल्या धोट्याच्या आकारावरून पडलेलं नाव. पुढे १८८० च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या आणि जर्मनीतल्या कारागिरांनी रेशमी कापडावर सुती दोऱ्याने दाट भरतकाम केलं आणि ते रसायनात बुडवलं. रेशीम विरघळलं, सूत राहिलं. जर्मनीतल्या प्लाउएन गावच्या या लेसने १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ‘ग्राँ प्री’ पटकावलं.

आपणही भरतकामाच्या मशीनवर तेच करणार, फक्त रेशमाऐवजी पाण्यात विरघळणारं अस्तर वापरून. पातळ पारदर्शक फिल्म सुईने फाटते; कापडासारखं दिसणारं विरघळतं अस्तर घ्या आणि त्याचे दोन थर रिंगमध्ये ढोलकीच्या पुडीसारखे ताणून बसवा. पावसाळ्यात हे अस्तर दमट होऊन चिकटतं, म्हणून घट्ट डब्यातच ठेवायचं.

आता नक्षी. इथेच बहुतेकांचं काम बिघडतं, माझंही बिघडलं होतं. साध्या भरतकामाची झेंडूची सुंदर नक्षी मी या अस्तरावर भरली. रिंगमध्ये ती देखणी दिसली आणि बादलीत टाकताच तिचा दोऱ्यांचा गुंता झाला. साध्या नक्षीत टाक्यांना धरून ठेवायला कापड असतं. लेसच्या नक्षीत मशीन आधी उभ्या-आडव्या टाक्यांची बारीक जाळी विणतं, मग त्या जाळीला पकडून पाकळ्या भरतं. तेव्हा नक्षी निवडताना ती लेससाठीच बनवली आहे ना, एवढं बघा. मशीनच्या पडद्यावर पहिल्यांदा जाळी शिवली जाताना दिसली नाही, तर मशीन तिथेच थांबवा.

लेस दोन्ही बाजूंनी दिसणार, म्हणून बॉबिनमध्येही वरचाच दोरा भरायचा. सुई नवी, ७५/११ ची. वेग मिनिटाला सहाशे टाक्यांच्या वर नेऊ नका. बारा हजार टाक्यांचा एक तुकडा धरला, तर वीस मिनिटं. एका टोकाला चार, असे दोन टोकांचे आठ तुकडे म्हणजे दोन तास चाळीस मिनिटं, आणि बॉबिन संपल्यावर होणारी चिडचिड वेगळी.

शिवून झालं की कडेचं अस्तर कात्रीने काढून तुकडे कोमट पाण्यात बुडवा. अस्तर पूर्ण धुऊन काढलंत तर लेस मलूल पडते. बोटांना किंचित बुळबुळीत लागतं आहे तोवर बाहेर काढा; उरलेलं अस्तर खळीचं काम करतं. पिळू नका. जुन्या टॉवेलवर पसरून, पाकळ्या बोटांनी सरळ करून टाचण्या लावा आणि रात्रभर राहू द्या.

वाळल्यावर माप घ्या. पडद्यावर सव्वातीन इंच दिसलेला माझा तुकडा सुकल्यावर एक सूत कमी भरला. एक सूत म्हणजे काही नाही, पण एका टोकाच्या चार तुकड्यांत अर्धा इंच झाला: तेरा इंचांची लेस साडेबारावर आली. कापड आधी कापलं असतं, तर लेस ताणून ओढून बसवावी लागली असती, आणि ताणलेली लेस पहिल्याच धुण्यात कापडाला चुण्या पाडते. साडेबारा इंच तयार रुंदीसाठी, दोन्ही कडांच्या दुहेरी दुमडीचा एकेक इंच धरून, साडेचौदा इंच कापड लागतं. लांबी टेबलाच्या लांबीपेक्षा फूटभर जास्त ठेवा.

पुढच्या आठवड्यात दुमड आणि जोडणी. तोवर आपले चार तुकडे शेजारी शेजारी मांडून मोजा आणि ते माप कागदावर लिहून ठेवा. माझं साडेबारा आलं, तुमचं तेवढंच येईल असं नाही.