पहिले दहा मीटर

दिवाळी जवळ आली की बोईसर-पालघरकडची तरुण मंडळी मालवण, मुरुडेश्वर, अंदमानची तिकिटं बघायला लागतात. त्यांतले काही जण आता नुसत्या हौसेनं जात नाहीत. स्कूबा डायव्हिंगचा 'ओपन वॉटर' कोर्स करून, त्याचं कार्ड खिशात घालून जातात. याचा मला मनापासून आनंद आहे. पण या नव्या डायव्हरांशी बोललं की काळजीही वाटते, कारण त्यांची भीती भलत्याच ठिकाणी असते. शार्कची भीती, खोलीची भीती, अंधाराची भीती. शार्क तर दिसला तरी नशीब म्हणावं, आपल्या बुडबुड्यांच्या आवाजानंच तो बहुतेक वेळा लांब राहतो. जपायचं असतं ते वरच्या दहा मीटरांत. डायव्हिंगमध्ये सगळ्यांत जास्त होणारी दुखापत कानाची, आणि ती होते उतरताना, अगदी सुरुवातीला.

"दारात समुद्र असताना मालवणला कशाला जायचं?"

केळवे, शिरगाव, चिंचणीचा किनारा बघून हा प्रश्न पडणं साहजिक आहे. पण डायव्हरला पाणी नुसतं असून चालत नाही, त्यातून आरपार दिसावं लागतं. आपल्याकडे उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. वर खंबातच्या आखाताकडून येणारा गाळ, उथळ चिखलाचा तळ आणि जोराचा प्रवाह. पाण्यात हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत असे दिवस कितीतरी. शिवाय प्रवाहात रोवलेली डोळ जाळी. त्यांत अडकलेला डायव्हर सुटणं कठीण. म्हणून इथे डायव्हिंग होत नाही. यात कुणाचा आळस किंवा दुर्लक्ष नाही.

मालवणला भरती-ओहोटीतला फरक आपल्या निम्म्याच्या आसपास, तळ खडकाळ, आणि खडकांवर प्रवाळ. तरी तिथेही दृश्यता बहुधा तीन ते दहा मीटर. अंदमानचे व्हिडिओ बघून गेलेला माणूस तिथे हिरमुसतो.

मात्र पालघरच्या किनाऱ्यानं शिकवलेली एक गोष्ट सोबत न्यावी. सातपाटीच्या कुठल्याही खलाशाला विचारा, तो अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या पुढेमागे येणारा भांग तोंडपाठ सांगेल. उधाणाला पाणी जोरात धावतं आणि गढूळ होतं, भांगाला संथ असतं. आता दिवाळीचा विचार करा. लक्ष्मीपूजन म्हणजे अमावास्या. पाडवा, भाऊबीज ऐन उधाणात. रजा चार-सहा दिवस पुढे ढकलता आली तर तीच बोट, तीच जागा, पण पाणी बरंच चांगलं मिळण्याची शक्यता. पावसाळ्यात तर मालवणचं डायव्हिंग बंदच असतं.

"मालवणला स्कूबा केलंय, कार्ड काय, नुसता उपचार"

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटक करतात ते 'स्कूबा' म्हणजे ओळख. प्रशिक्षक मागून सिलिंडर धरतो, हवा तोच सांभाळतो, खोली काही मीटर. पोहता येत नसलं तरी चालतं. ओपन वॉटरच्या कोर्सची गोष्ट वेगळी. त्यात न थांबता 200 मीटर पोहावं लागतं, दहा मिनिटं तरंगावं लागतं, आधी बंदिस्त पाण्यात आणि मग समुद्रात किमान चार डायव्ह कराव्या लागतात. एमटीडीसीनं तारकर्लीला उभ्या केलेल्या स्कूबा संस्थेत तर प्रशिक्षणासाठी खास खोल तलाव आहे.

याच्या उलट टोकाचा गैरसमज असा, की कार्ड मिळालं म्हणजे कुठलाही समुद्र मोकळा. कार्डाची शिफारस 18 मीटरपर्यंतची, आणि तीही ज्या परिस्थितीत शिकलात तशाच परिस्थितीत, जोडीदारासोबत. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा पाण्याखालचा उंचवटा, आंग्रिया बँक, अनेकांना खुणावतो. विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून आत, भर समुद्रात, आणि त्याचा माथाच पाण्याखाली वीसेक मीटर. नव्या माणसाची ती जागा नव्हे. कार्डाची मुदत संपत नाही हे खरं, पण सहा महिने-वर्षभर पाण्यात उतरला नसाल तर आधी तलावात उजळणी करा. कोर्समधल्या हालचाली हात विसरतात.

"कान थोडा दुखणारच, सोसायचं"

मुळीच नाही. दुखायला लागणं म्हणजे उशीर झालाय.

पृष्ठभागावर दाब साधारण एक बार असतो, दहा मीटरवर दोन, वीस मीटरवर तीन. म्हणजे कानाच्या पडद्यामागच्या पोकळीतली हवा पहिल्या दहा मीटरांत आकुंचन पावून निम्म्यावर येते, आणि पुढचे तेवढेच दहा मीटर उतरल्यावर निम्म्यावरून तिसऱ्या हिश्श्यावर. बदलाचा मोठा झटका वरच बसतो. त्यामुळे कान मोकळे करायला सुरुवात बोटीच्या बाजूला तरंगतानाच करायची, आणि मग अर्ध्या-एक मीटरला एकदा, दुखायची वाट न बघता. नांगराचा दोर धरून, पाय खाली ठेवून उतरलं की सोपं जातं. कान उघडला नाही तर मीटरभर वर या, हळूच पुन्हा करून बघा. तरीही नाहीच उघडला तर डायव्ह सोडा. नाक दाबून जोरानं फुंकत राहिलात तर आतल्या कानाला कायमची इजा होऊ शकते. बोटीवरचे इतर ताटकळतील म्हणून संकोच करणारे पाहिले की मला फार वाईट वाटतं. पैसे गेले तर परत मिळवता येतात, ऐकू येणं परत मिळेलच असं नाही.

सर्दी असताना गोळी घेऊन उतरणं हा याचाच भाऊबंद. गोळीचा असर पाण्याखाली उतरला तर वर येताना हवा आत कोंडते, आणि वर तर यावंच लागतं.

वर येतानाचा नियम त्याहून कडक आहे: श्वास रोखायचा नाही. दहा मीटरवर भरलेलं फुप्फुस श्वास रोखून वर आणलं तर आतली हवा दुप्पट जागा मागते. एवढं खोलही लागत नाही. दीडेक मीटरवरून श्वास रोखून वर आल्यानंही फुप्फुसाला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. हवेचा बुडबुडा रक्तात शिरला तर थेट मेंदूपर्यंत पोचू शकतो. म्हणून मिनिटाला नऊ मीटरहून जास्त वेगानं चढायचं नाही, आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. नव्या डायव्हरला हा थांबा कंटाळवाणा वाटतो. पण अंगावर ताबा आहे की नाही हे तिथेच कळतं, कारण सिलिंडर रिकामा होत हलका झालेला असतो आणि शरीर आपोआप वर उचललं जातं.

"सिलिंडर ऑक्सिजनचा, तासभर पुरतो"

आत असते साधी हवा, गाळून दाबानं भरलेली. किती पुरेल ते खोलीवर आणि तुमच्या श्वासावर. 12 लिटरचा सिलिंडर 200 बारला भरला तर आत 2400 लिटर हवा. 50 बार राखीव सोडले की वापरायला 1800. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर लागत असतील तर दहा मीटरवर 40 लागतात, म्हणजे 45 मिनिटं. वीस मीटरवर 60, म्हणजे जेमतेम अर्धा तास. घाबरलेला नवखा याहून बराच जास्त ओढतो. म्हणून काटा दर दोन-चार मिनिटांनी बघायचा, गाइडनं विचारायची वाट बघायची नाही.

वजनाच्या पट्ट्याबद्दलही असाच गैरसमज असतो. ठाण्या-मुंबईच्या तलावात शिकलेल्या माणसाला समुद्रात जास्त वजन लागतं, कारण खारं पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड. सामानासह 90 किलोच्या माणसाला दोन-सव्वादोन किलोचा फरक पडतो. पण "बुडत नाहीये" म्हणून गाइड चार-पाच किलो अडकवायला लागला तर आधी श्वास पूर्ण सोडून बघा. बहुतेक वेळा छातीत धरून ठेवलेला श्वासच वर उचलत असतो. जादा वजनाचा डायव्हर तळ घासत जातो, गाळ उडवतो, प्रवाळ मोडतो. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 सालचं. तिथल्या प्रवाळाला आधीच त्रास कमी नाही.

आणि खोल गेलं की जास्त दिसतं असं नाही. लाल रंग पहिल्या पाच-सहा मीटरांतच विरायला लागतो. प्रवाळाला ऊन लागतं, म्हणून रंग आणि मासे दोन्ही उथळातच जास्त.

"वर आलो, डायव्ह संपली"

शरीरात विरघळलेला नायट्रोजन पुढे कितीतरी तास बाहेर पडत असतो. तेवढ्यात बाहेरचा दाब कमी झाला तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. विमानाबद्दलचा नियम बऱ्याच जणांना ठाऊक असतो: एकच डायव्ह झाली असेल तर 12 तास, एकाहून जास्त किंवा सलग काही दिवस झाल्या असतील तर 18 तास थांबायचं. घाटाचा विचार मात्र कुणी करत नाही. ही काळजी साधारण 600 मीटरच्या वरच्या उंचीला लागू होते, आणि आंबोली जवळपास 690 मीटरवर आहे. दुपारी मालवणची डायव्ह आटोपून संध्याकाळी आंबोली चढून, कोल्हापूर-सातारामार्गे रातोरात पालघर गाठणं म्हणजे बंदी असलेलं चढणं गाडीतून करणं. परतीला कुडाळहून कोकण रेल्वे धरा किंवा मुंबई-गोवा महामार्गानं पनवेलला या, समुद्रसपाटीच्या जवळ राहाल. आंबोली बघायचीच असेल तर जाताना बघा.

घरी पोचल्यावर सांधा दुखला, हातापायाला मुंग्या आल्या, अंगावर चट्टे उठले, नको इतका थकवा आला, तर त्याला प्रवासाचा शीण म्हणून झोपू नका. ही लक्षणं बहुतेक पहिल्या 24 तासांत दिसतात. डॉक्टरकडे गेलात की पहिलं वाक्य "मी डायव्हिंग करून आलोय" हेच असू द्या, कारण आपल्याकडच्या दवाखान्यात ही शंका सहज येणार नाही. उपचार म्हणजे आधी शुद्ध ऑक्सिजन आणि मग दाबकक्ष. मुंबईत कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनी या नौदल रुग्णालयात ही सोय आहे. म्हणून मालवणला पैसे भरण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा: बोटीवर ऑक्सिजनचा संच आहे का, आणि गरज पडली तर रुग्णाला कुठे नेणार. दोन्हींची उत्तरं ताबडतोब मिळाली नाहीत तर दुसरी बोट शोधा.